मुरायला ठेवलेलं

गोव्याहून मुंबईला निघालेली रात्रीची बस कशेडीला आली, की रत्नागिरी जिल्हा मागे पडतो आणि खाली पोलादपूर, पुढे महाड लागतं. आता बोगद्यामुळे घाटाची वळणं टळली. पण पूर्वीच्या 17 आणि आजच्या 66 क्रमांकाच्या या महामार्गाने सामानात दडून मुंबई गाठणाऱ्या जिनसांत एक नेहमीची असते, चोरीस, म्हणजे गोव्याच्या सॉसेजची माळ. तिला बर्फ लागत नाही, डबाही लागत नाही. गोव्याच्या कॅथलिक घरातल्या शामायबद्दल, म्हणजे आजीबद्दल, बोलताना आपण ‘तिच्या हातची चव’ एवढं म्हणून मोकळे होतो. मला वाटतं, तिच्या मायेचा पुरावा चवीत शोधण्यापेक्षा पदार्थ किती दिवस टिकतो यात शोधावा. ज्या गावांतली माणसं पोटासाठी मुंबईला, पूर्व आफ्रिकेला, जहाजांवर आणि पुढे आखातात गेली, तिथे चुलीवरचं बरंच काही समोर नसलेल्या माणसासाठी शिजत होतं.

कृतीच पाहा. डुकराचं मांस चरबीसकट बारीक कापून मीठ लावायचं आणि वजनाखाली दाबून ठेवायचं, म्हणजे अंगचं पाणी निघून जातं. मग ऊन दाखवायचं. सुकी मिरची, लसूण, आलं, मिरी, जिरं, हळद, लवंग, दालचिनी हे सगळं माडाच्या सुरेपासून केलेल्या व्हिनेगरमध्ये वाटायचं. पाण्याचा थेंबही चालत नाही, कारण पाणी आलं की मांस नासतं. मसाला लावलेलं मांस काही दिवस मुरतं, मग धुऊन वाळवलेल्या आतड्यात भरलं जातं आणि ठरावीक अंतरावर दोऱ्याने बांधलं जातं. पुन्हा ऊन, आणि पावसाळ्यात चुलीवरचा धूर. सोरपोतेल या मांसाच्या पदार्थाचं शिस्तीचं काम आणखी चिवट. मांस आणि काळीज आधी अर्धवट उकडायचं, नखाएवढे तुकडे करायचे, त्यांच्याच चरबीत परतायचे, व्हिनेगरच्या मसाल्यात शिजवायचे आणि वाढायचे मात्र नाहीत. रोज एकदा गरम करून दोन-तीन दिवस ठेवायचं, तेव्हा आंबटपणा मांसात उतरतो. म्हणून नाताळचं सोरपोतेल 22 तारखेच्या सुमारास चुलीवर चढतं, आणि संध्याकाळी घरात तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, चालू असताना ते मंद आचेवर असलं तरी बिघडत नाही.

यावर कोणी म्हणेल, ही माया कसली, हा हवामानाचा हिशेब आहे. उष्ण, दमट किनारा, चार महिने पाऊस, शीतपेटी नाही. मीठ आणि आंबट लावल्यावाचून गत्यंतर नव्हतं. पावसाळ्याच्या बेगमीसाठी ईस्टरनंतर म्हापशाला मिलाग्रीस सायबिणीच्या फेस्ताला बाजार भरतो, त्यात मीठ, मिरची, सुकी मासळी, कोकम हेच तर असतं. आक्षेप खरा आहे, पण अपुरा. त्याच घरात सान्नांही होतात. तांदूळ-खोबऱ्याचं वाटण ताज्या सुरेने फुगवून वाफवलेली सान्नां त्याच दिवशी खावी लागतात. दुसऱ्या दिवशी त्यांची मऊ जाळी उरत नाही. (सूर काढणारे रेंदेर कमी झाल्याने आता यीस्ट वापरतात; फुगतात, पण तो मंद आंबूस वास येत नाही.) न टिकणारं उत्तम रांधता येत असूनही टिकणाऱ्यावर एवढे दिवस घालवायचे, यात हवामानापलीकडचा निर्णय आहे. सान्नां घरातल्यांची, चोरीस बसमधल्याचं.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार. धुरात बसून केलेल्या बिनमजुरीच्या कष्टाला ‘माया’ म्हटलं की कष्ट दिसेनासे होतात. हे मी मान्य करतो. बिबिंक या थरांच्या गोड पदार्थाचा एकेक थर वरून निखाऱ्याची धग देऊन भाजायचा आणि तो बसल्याशिवाय पुढचा ओतायचा नाही, तिथे पाठ आणि डोळे झिजतात. ते नाकारून केलेलं कौतुक खोटंच. पण तिला निव्वळ राबणारी ठरवणंही तितकंच आंधळं. मीठ किती, ऊन किती दिवस, हे ठरवणारी ती कारागीरही होती.

आणि या मायेत भक्तीचा वाटा किती? पोलादपूरची आजीही मुंबईला गेलेल्या लेकासाठी कोकमं, फणसपोळी, कुरडया याच रस्त्याने धाडत आली. तिच्या घरी क्रूस नव्हता. माया तीच, हे उघड आहे. शामायच्या कामाला मात्र दिनदर्शिका चर्चची. राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंतचा उपवासकाळ आणि मांस वाळवायच्या उन्हाचे दिवस बरेचसे एकच. निदान दर शुक्रवारी, आणि कडक पाळणाऱ्या घरांत सगळे चाळीस दिवस, जे तोंडात घालायचं नाही त्यालाच मीठ लावायचं, ऊन दाखवायचं, चाखून न पाहता वासावर आणि रंगावर अंदाज बांधायचा. स्वतःचा संयम आणि दुसऱ्याची मेजवानी एकाच हाताने चालवण्याची ही शिस्त तिला प्रार्थनेपासून वेगळी वाटली असेल असं मला वाटत नाही.

आज विमानं आहेत, फ्रीझर आहेत, दुकानात बंद पाकिटात चोरीस मिळतं. जुन्या रीतीचं एखाद्या नातवाला फार खारट, फार आंबट लागतं आणि तो तसं सांगतोही. त्याची जीभ चुकत नाही. ते मीठ आणि ते व्हिनेगर जिभेच्या मापाने घातलेलंच नव्हतं, वाटेच्या मापाने घातलं होतं.