नकलेचं मोल : इंग्रजी कवितांच्या जुन्या मराठी भाषांतरांविषयी

(फर्दापूर येथील व्याख्यानाचे शब्दांकन)

फर्दापुरात बोलायचं तर सुरुवात रॉबर्ट गिलपासून करायला हवी. १८४४ पासून हा लष्करी अधिकारी अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करत होता आणि त्याचा मुक्काम इथेच असे. त्या नकला लंडनला गेल्या. सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये त्या मांडल्या होत्या आणि १८६६ च्या आगीत त्यातल्या बहुतेक जळाल्या. आता कुणी म्हणेल, मूळ चित्रं तर लेण्यांत आहेत, मग नकला गेल्याचं एवढं दुःख कशाला? कारण गिलनं पाहिली तशी ती चित्रं आज राहिलेली नाहीत. त्या नकलांत त्याचा काळ उतरला होता.

आजचा आपला विषयही नकलांचाच आहे. पुस्तकाचं नाव ‘कुसुमांजलि’. विष्णु मोरेश्वर महाजनी यांनी इंग्रजी कवितांची मराठी भाषांतरं केली, त्यांचा हा संग्रह. महाजनी १८५१ चे. शिक्षण खात्यात नोकरी, आणि कर्मभूमी आपल्या शेजारचं वऱ्हाड, अकोला. शेक्सपिअरच्या ‘सिंबेलाइन’वरून त्यांनी ‘तारा’ हे नाटक १८७९ मध्ये केलं. १९०७ च्या पुण्याच्या संमेलनाचे ते अध्यक्ष होते. १९२३ मध्ये ते गेले. एवढा मोठा माणूस, पण आज त्यांच्या पुस्तकाची प्रत सहज हाती लागत नाही.

मग तोच प्रश्न पुन्हा येतो. मूळ इंग्रजी कविता तर मोबाइलवर मिळतात, मग हे भाषांतर कशाला जपायचं?

त्यासाठी त्या काळच्या भाषांतरकारापुढे काय अडचण होती, ते बघू. इंग्रजी कवितेतली एक नेहमीची ओळ साधारण दहा अक्षरांची, आणि तिचा ठेका शब्दावरच्या आघातावर चालतो. आपलं शार्दूलविक्रीडित एकोणीस अक्षरांचं आणि ते लघु-गुरूंवर चालतं. म्हणजे दहा अक्षरांचा मजकूर एकोणीस अक्षरांत बसवायचा. उरलेल्या जागेत काय भरणार? विशेषणं, संबोधनं, ‘अहा’, ‘अरेरे’. जुनी भाषांतरं वाचताना आपल्याला जो पसरटपणा जाणवतो, त्याचं एक कारण हे आहे. तो भाषांतरकाराचा आळस नव्हे बरं का, ते वृत्ताचं गणित आहे.

दुसरी अडचण ऋतूंची. इंग्रज कवी ‘समर’ म्हटलं की खुशीत येतो. त्याचं शब्दशः ‘उन्हाळा’ करा आणि मे महिन्यात आपल्या वाघूर नदीकाठी वाचून दाखवा. लोक सावली शोधतील! म्हणून भाषांतरकार तिथे ‘वसंत’ आणू शकतो. नाइटिंगेलच्या जागी कोकिळा येऊ शकते. अर्थ बदलला, पण मूळ वाचकाला झालेला आनंद इकडे पोचला. कुठे शब्द सोडायचा आणि कुठे धरून ठेवायचा, हे भाषांतरकारानं एकेका ओळीत ठरवलेलं असतं. ते निर्णय मूळ इंग्रजी पुस्तकात सापडणार नाहीत, भाषांतरातच सापडतील.

आणि त्यातूनच पुढची कविता घडली. केशवसुतांनीही इंग्रजी कवितांची भाषांतरं केली. १८९२ मध्ये त्यांनी ‘मयूरासन आणि ताजमहाल’ हे मराठीतलं पहिलं सुनीत लिहिलं. चौदा ओळींचा हा युरोपीय घाट त्यांनी शार्दूलविक्रीडितात बसवला आणि त्याला ‘चतुर्दशक’ म्हटलं. ही उडी एका दिवसात झाली नाही. आधीच्या पिढीनं भाषांतरांत हात घासून ठेवले होते, म्हणून जमीन तयार होती. अशी पुस्तकं हरवली, तर केशवसुत आकाशातून पडले असं वाटायला लागेल.

मग ही पुस्तकं शोधायची कुठे? १८६७ च्या कायद्यानं छापखान्यांना प्रत्येक पुस्तकाच्या प्रती सरकारकडे द्याव्या लागत आणि त्यांच्या त्रैमासिक याद्या निघत. शं. ग. दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातल्या मराठी पुस्तकांची सूची केली. नाव तिथे तपासता येतं. पण सूचीत नाव असलं म्हणजे प्रत हाती आली असं नाही. प्रत असते जुन्या वाचनालयात, नाहीतर कुणाच्या आजोबांच्या ट्रंकेत.

म्हणून एकच विनंती. घरात असं पुस्तक सापडलं, मुखपृष्ठ गेलेलं असलं, तरी रद्दीत टाकू नका. चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन करू नका. कागद त्यानं आणखी बिघडतो. आधी पानं जपून उघडून फोटो काढा. शीर्षकपान, प्रस्तावना, शेवटची जाहिरात, सगळ्याचे. कवितेखाली मूळ कवीचं नाव असेल किंवा नुसतं ‘इंग्रजीवरून’ लिहिलं असेल, तेही टिपून ठेवा. मग ग्रंथपालाला दाखवा.

गिलच्या नकला आगीत गेल्या, तिथे आपला इलाज नव्हता. या नकला रद्दीत जाणार असतील, तर ते मात्र आपण थांबवू शकतो.