करवंदं, जांभळं आणि भांडुपची हवा

करवंद टिकत नाही. सकाळी डोंगरातून तोडलेलं, कसारा-कर्जतकडच्या लोकलने पाटीतून आलेलं आणि संध्याकाळी स्टेशनबाहेर पानाच्या द्रोणात विकलेलं करवंद दुसऱ्या दिवशी सुरकुततं, तिसऱ्या दिवशी त्याला आंबूस वास सुटतो. जांभूळ तेवढाही धीर धरत नाही. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीचे शेवटचे डबे उन्हाळ्यात स्वस्तात मिळतात ते याच कारणाने: विकणाऱ्याला ती रात्र ओलांडायची नसते. आपल्याकडचा हा रानमेवा थोड्याच आठवड्यांत येतो आणि पहिल्या पावसांबरोबर संपतो. मग वर्षभर आपण आठवण काढत बसतो.

म्हणूनच भांडुपमधल्या कितीतरी स्वयंपाकघरांत आता मिक्सरशेजारी डिहायड्रेटर दिसायला लागला आहे. चाळीत होतो तेव्हा गच्ची सगळ्यांची होती. कुरडया, सांडगे, पापड, गावाहून आलेली रातांब्याची सालं, सगळं एकाच उन्हात पडायचं आणि राखणीला एखादी आजी सावलीत काठी घेऊन बसायची. आता बावीस मजल्यांच्या इमारतीच्या गच्चीला कुलूप असतं आणि खिडकीतलं ऊन दोन तासांत पुढे सरकतं. या घरांसाठी हे यंत्र फार उपयोगाचं आहे, असं माझं ठाम मत आहे. मात्र ते विकत घेऊन फळं आत ठेवली की काम झालं, असं मानणाऱ्यांच्या बरण्यांना जुलैत बुरशी येते. वाळवणं म्हणजे हवेशी व्यवहार आहे, आणि भांडुपची हवा या व्यवहारात कडक आहे.

ती किती कडक, हे मिठागरांवरून समजतं. पूर्वेला द्रुतगती मार्गापलीकडे, खाडीच्या अंगाला, भांडुप-कांजूर-मुलुंडच्या मिठागरांत हिवाळ्यापासून मे महिन्यापर्यंत मीठ पिकायचं. खाडीचं पाणी वाफ्यात घ्यायचं आणि ऊन-वाऱ्याने ते उडून जाऊ द्यायचं. पाऊस आला की हंगाम खलास. मिठाचा एक नियम आहे: हवेतली आर्द्रता साधारण 75 टक्क्यांच्या खाली असेल तर मीठ कोरडं राहतं, वर गेली की ते हवेतलं पाणी स्वतःकडे ओढायला लागतं. पावसाळ्यात डब्यातल्या मिठाला पाणी सुटतं ते यामुळेच.

वाळलेल्या फळाचीही अशीच एक रेषा आहे, पण ती आणखी खाली, 60 टक्क्यांच्या आसपास. फळातलं पाणी त्या पातळीपर्यंत खाली आणलं की बुरशीला आणि यीस्टला वाढता येत नाही. आता आपली हवा पाहा. मे महिन्यात मुंबईची आर्द्रता बहुतेक वेळ 65-70 टक्क्यांच्या घरात असते. म्हणजे सावलीत, पंख्याखाली ठेवलेलं करवंद कितीही दिवस ठेवलं तरी टिकण्याइतकं वाळणारच नाही. उन्हात वाळतं, कारण ऊन फळालाच तापवतं. पण रात्री बाहेर राहिलं तर दिवसभर गमावलेल्या पाण्यापैकी काही पुन्हा पिऊन घेतं. तिन्हीसांजेला वाळवण आत घ्यायची जुन्या बायकांची घाई अगदी शास्त्रशुद्ध होती.

डिहायड्रेटर नेमकं काय करतो, तेही पाहू. आत एक हीटर असतो आणि एक पंखा. हवेतलं पाणी हे यंत्र काढून टाकत नाही, ते फक्त हवा तापवतं. पण तापलेल्या हवेची पाणी धरण्याची ताकद झपाट्याने वाढते. बाहेर 32 अंश तापमान आणि 70 टक्के आर्द्रता असलेली हवा 58 अंशांपर्यंत तापवली, की तिची आर्द्रता 18 टक्क्यांच्या आसपास उतरते. इतकी कोरडी हवा आपल्याला मे महिन्यात विदर्भात भेटते. गंमत म्हणजे जुलैतल्या 28 अंश आणि 88 टक्क्यांच्या हवेचा हिशेबही तेवढाच येतो, कारण प्रत्यक्ष पाणी दोन्हींत जवळपास सारखंच असतं. जांभळं ऐन पावसाच्या तोंडावर येतात, आकाश भरलेलं असतं, गच्ची ओली असते, आणि तरीही यंत्र आपलं काम करत राहतं. उन्हाच्या भरवशावर हे कधीच जमलं नसतं.

फळातून निघालेलं पाणी मात्र घरातच येतं, हे विसरू नका. स्ट्रॉबेरीत सुमारे 91 टक्के पाणी असतं. एक किलो स्ट्रॉबेरी नीट वाळवली की हातात 110 ग्रॅमच्या आसपास माल उरतो. बाकीचं सारं तुमच्या स्वयंपाकघराच्या हवेत. खिडकी उघडी ठेवा, एक्झॉस्ट पंखा चालू ठेवा. बंद खोलीत यंत्र तीच ओली हवा फिरवत बसतं आणि काम लांबतं.

पुढचा अडसर सालीचा. करवंद, जांभूळ, द्राक्ष यांच्या सालीवर मेणाचा पातळ थर असतो. झाडावर असताना फळ सुकू नये, म्हणून निसर्गानेच दिलेलं ते कवच. अख्खं फळ ट्रेवर ठेवलं तर हे मेण पाणी बाहेर पडू देत नाही. यावरचा आपला सर्वांत पक्का धडा तासगाव-कवठेमहांकाळच्या बेदाणा शेडवर मिळतो. तिथे द्राक्षांचे घड आधी द्रावणात बुडवतात: 100 लिटर पाण्यात अडीच किलो पोटॅशियम कार्बोनेट आणि दीड लिटर इथाइल ओलीएट, ज्याला तिकडे सरळ डिपिंग ऑइल म्हणतात. त्याने मेणाचा थर सैल होतो, आणि मग जाळीच्या रॅकवर, सावलीत, सांगलीच्या कोरड्या वाऱ्यावर साधारण दोन आठवड्यांत बेदाणा तयार होतो. घरी ही रसायनं आणायची गरज नाही. अख्खी फळं ठेवायची असतील तर उकळत्या पाण्यात अर्धा मिनिट, लगेच गार पाण्यात, आणि कोरड्या फडक्यावर. सालीला बारीक भेगा पडतात आणि तेवढ्या पुरतात. आदल्या रात्री फ्रीझरमध्ये ठेवून काढलं तरी साल फुटते.

करवंद मात्र मी चिरूनच वाळवते. पूर्ण काळं झालेलंच घ्यायचं, लालसर घेतलं तर आंबटपणा वाळल्यावर दुप्पट होतो. बोटांना आणि सुरीला आधी तेलाचं बोट लावायचं, नाहीतर देठापाशी पांढरा चीक येतो तो साबणालाही दाद देत नाही. उभं चिरून सुरीच्या टोकाने चपट्या बिया काढायच्या. लहानपणी आपण करवंद फोडून ‘कोंबडा की कोंबडी’ खेळायचो ना, त्यातले आतून लालबुंद असलेले कोंबडे वाळल्यावरही रंग छान धरतात. फिकट निघतात ते तिथेच खाऊन टाकावेत. अर्धी फळं कापलेली बाजू वर करून, एकमेकांना न चिकटवता ट्रेवर मांडायची, 58 अंशांवर दहा-बारा तास. मधे एकदा वरचे ट्रे खाली आणि खालचे वर करायचे. तयार फोड चामट लागते. मधोमध फाडून दाबली तर ओलाव्याचा थेंब दिसता कामा नये. बेकरीच्या केकवर जी लाल चेरी म्हणून बसलेली असते, ती आपल्या देशात बरेचदा साखरेत मुरवलेलं करवंदच असते. तेव्हा केकमध्ये, शिऱ्यात, श्रीखंडात हे वाळलेलं करवंद घालायला काहीच हरकत नाही.

तापमान वाढवून वेळ वाचवायचा मोह आवरा. 70 अंशांवर फोडीचा बाहेरचा थर आधी कडक होतो आणि आतलं पाणी आतच कोंडलं जातं. हाताला फोड वाळलेली लागते, बरणीत भरली जाते आणि आठवड्याने आतली ओल बाहेर येते. मग बुरशी.

जांभळाला चिरायचं म्हटलं तर बीभोवती हाती फार थोडं लागतं. त्याची पोळी करावी, आंबापोळीसारखी. पिकलेली जांभळं हाताने कुस्करून बिया काढायच्या, गर चाळणीतून गाळायचा, थोडी साखर आणि चिमूट मीठ घालून जरा आटवायचा, आणि तूप पुसलेल्या कागदावर किंवा यंत्राबरोबर येणाऱ्या चकतीवर तीन-चार मिलिमीटर जाड पसरायचा. कडा मधल्या भागापेक्षा किंचित जाड ठेवा, त्या आधी वाळतात. 60 अंशांवर सहा ते आठ तासांत पोळी सुटून येते. जांभूळ बहाडोलीचं मिळालं तर गर जास्त निघतो. पालघरजवळच्या या गावाच्या जांभळाला भौगोलिक मानांकन आहे, आणि दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने तिथल्याच झाडांतून ‘कोकण बहाडोली’ हा वाण निवडला आहे. बदलापूरचं जांभूळही आपल्याला जवळचं.

स्ट्रॉबेरी सर्वांत सोपी. अर्धा सेंटिमीटर जाड चकत्या, 57 अंश, आठ-दहा तास. दुकानातली वाळलेली स्ट्रॉबेरी गोड आणि मऊ लागते, कारण ती बहुधा आधी साखरेच्या पाकात मुरवलेली असते. घरची नुसती वाळवलेली आंबट आणि कुरकुरीत होते. मला तीच आवडते, पण मुलांसाठी करायची तर रात्रभर पाकात ठेवून निथळून वाळवा. घरात कुणाला मधुमेह असेल तर एवढं लक्षात असू द्या की पाणी उडालं तरी साखर तिथेच असते. मूठभर सुक्या फोडी म्हणजे वाटीभर फळ.

आणि रातांबे. भांडुपच्या मालवणी-रत्नांग्री घरांत मे अखेर गावाहून पिशवी येतेच. आमसुलाची रीत इतर सगळ्यांहून शहाणी आहे: सालं मीठ घातलेल्या त्याच रसात बुडवायची, वाळवायची, पुन्हा बुडवायची, असं चार-पाच वेळा. आम्ल, मीठ आणि कोरडेपणा असा तिहेरी पहारा बसतो. पावसाळ्यात आमसुलांना पाणी सुटतं ते मिठामुळे, वर सांगितलेल्या त्याच 75 टक्क्यांच्या नियमाने, पण ती खराब होत नाहीत. यंत्रात करताना दर बुडवणीनंतर चार-पाच तास पुरतात. फक्त ट्रे स्टीलचा किंवा खाद्ययोग्य प्लास्टिकचा हवा, ॲल्युमिनियमला हा रस खातो.

फळ वाळलं की लोक निश्चिंत होतात, आणि नेमकं तिथेच भांडुपची हवा गाठते. यंत्र बंद करून ट्रे रात्रभर ओट्यावर ठेवला तर सकाळी फोडी पुन्हा मऊ लागतात. गार होईपर्यंत अर्धा-पाऊण तास, बास. लगेच काचेच्या कोरड्या बरणीत, दोन-तृतीयांशच भरायची, झाकण घट्ट. पुढचे सात ते दहा दिवस रोज एकदा बरणी हलवायची. जास्त ओली राहिलेली फोड आपलं पाणी जास्त वाळलेल्या फोडीला देते आणि सगळा माल सारखा होतो. काचेवर आतून दव दिसलं तर पुन्हा दोन-तीन तास यंत्रात. त्यानंतर लहान लहान बरण्या करा. मोठी बरणी रोज उघडली की दर वेळी ओली हवा आत जाते. पावसाळ्याचे चार महिने त्या सरळ फ्रिजमध्ये ठेवाव्यात.

विजेचा हिशेब सोपा आहे. 400 वॅटचं यंत्र बारा तास चाललं तर जास्तीत जास्त 4.8 युनिट. प्रत्यक्षात कमी, कारण तापमान गाठलं की हीटर मधे मधे बंद होतो. आपल्या भागात महावितरणचं बिल येतं, ते टप्प्याटप्प्याने चढतं. एसीच्या महिन्यात वरच्या टप्प्याचा दर धरून आकडा काढा. दोन द्रोण करवंदांसाठी यंत्र लावणं परवडत नाही, सगळे ट्रे भरतील इतकं फळ जमलं तरच लावावं.

म्हणून मला वाटतं, हे यंत्र प्रत्येक घरात असण्यापेक्षा मजल्यावर एक असावं. सामूहिक वाळवणीची ताकद मराठवाड्यात दिसली आहे. माटुंग्याच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत शिकलेल्या तरुणांनी उभ्या केलेल्या एस४एस टेक्नॉलॉजीजने सौर वाळवणी यंत्रं गावातल्या बायकांच्या हाती दिली. कांदा, आलं, टोमॅटो असा वाया जाणारा माल त्या दारातच वाळवतात आणि त्यातून कमावतात. 2023 मध्ये या कामाला अर्थशॉट पुरस्कार मिळाला. त्यांच्याकडे ऊन आणि अंगण आहे, आपल्याकडे वीज आणि शेजार. सोसायटीने मे महिन्यात गच्चीवरची एक सावलीची खोली उघडली, चार जणींनी वर्गणीतून मोठं यंत्र घेतलं, आणि स्टेशनवरच्या मावशीकडची संध्याकाळी उरलेली पाटी तिने सांगितलेल्या भावात उचलली, तर तिला ती परत नेऊन फेकावी लागणार नाही. पुढे विक्री करायचं ठरलं तर अन्नसुरक्षेची नोंदणी आधी करून घ्या, आणि प्रत्येक बरणीवर फळ आणि वाळवल्याची तारीख लिहा. करवंद आणि जांभूळ वाळल्यावर लांबून सारखीच काळी दिसतात.