रंध्यातला पावसाळा

माळ्यावर पडून राहिलेला लाकडी रंधा खाली काढला, की त्याची दुखणी लगेच दिसतात. तळ किंचित वाकलेला असतो, पाते खाचेत रुतून बसलेले असते, कधी पाचरीजवळच्या गालाला उभा तडा गेलेला असतो. यावर ठरलेला उपचार म्हणजे पात्याला धार लावायची आणि लाकडाला जवसाचे तेल पाजायचे. धार हवीच, पण रंधा रुसतो तो बहुतेक वेळा वेगळ्याच कारणाने. हवेतला दमटपणा बदलला की लाकूड फुगते किंवा आकसते, पोलाद मात्र आहे तेवढेच राहते. या दोघांना एकत्र नांदवायचे असेल, तर लाकडाची हालचाल बंद करण्याच्या फंदात न पडता तिला पुरेशी जागा ठेवावी लागते. जुन्या रंध्याच्या दुरुस्तीचे सगळे शास्त्र या एका गोष्टीभोवती फिरते.

लाकडातल्या पेशींच्या भिंती हवेतली वाफ शोषतात. हवेची सापेक्ष आर्द्रता 40 टक्क्यांच्या आसपास असेल, तर लाकडात त्याच्या कोरड्या वजनाच्या सात-आठ टक्के पाणी असते. आर्द्रता 80 टक्क्यांवर टिकून राहिली तर ते सोळा टक्क्यांपर्यंत जाते. पुण्याचा कोरडा एप्रिल आणि भर श्रावण यांत साधारण एवढाच फरक असतो. ओला साग पूर्ण सुकेपर्यंत वाढवलयांच्या दिशेने सुमारे 5.8 टक्के आकसतो, गाभ्याकडून सालीकडे त्याच्या निम्म्याहून कमी आणि लांबीत जवळजवळ नाहीच. इंग्लंडचे जुने रंधे बहुधा बीचच्या लाकडाचे. ते सागाच्या दुप्पट हलते. आता 52 मिमी रुंदीची खाच घ्या. लाकूड आकसले की खाच मोकळी होईल, असे वाटते. प्रत्यक्षात खाचही लाकडाबरोबर त्याच प्रमाणात अरुंद होते. पावसाळ्यातून उन्हाळ्यात येताना सागातली ही खाच, लाकूड नव्या हवेशी पूर्ण जुळले तर, जवळजवळ 1 मिमीने आवळते. आतले 51.5 मिमीचे पाते तसूभरही मागे सरत नाही आणि अखेर गाल फाटतो. अशा तड्यात नुसता गोंद भरला, तर पुढच्या उन्हाळ्यात तो पुन्हा उघडणार. आधी गालांची आतली बाजू कानशीने घासून पात्याला दोन्हीकडे मिळून दीड-दोन मिमी मोकळीक द्यावी, मग तडा सांधावा.

तळाचा हिशेब याहून बारीक असतो. चांगल्या रंध्यातून निघणारी ढलपी 0.05 ते 0.1 मिमी जाड असते. तोंडाच्या, म्हणजे पाते तळातून बाहेर डोकावते त्या फटीच्या, अगदी पुढे तळ 0.2 मिमी खोलगट झाला असेल, तर तिथे लाकडाचे तंतू दाबून धरायला काहीच उरत नाही. पाते ते उचकटत जाते आणि दोष धारेवर येतो. तळ सपाट करताना पाते 1-2 मिमी आत ओढून पाचर नेहमीसारखी ठोकून ठेवावी, कारण पाचरीच्या दाबानेही लाकूड थोडे वाकते आणि रंधा काम करतो तो त्या दाबाखालीच. तळावर पेन्सिलीच्या आडव्या रेघा ओढाव्यात, जाड काचेवर पॉलिश पेपर पसरून रंधा त्यावर सारखा घासावा. रेघा पुसल्या जातात तिथे उंचवटा, राहतात तिथे खड्डा. पुढचे टोक, तोंडाच्या लगेच पुढची कड आणि मागचे टोक एका पातळीत आले की पुरे; मधला थोडा खोलगटपणा चालतो.

तळ घासत गेले की तोंड रुंद होते, हा आक्षेप रास्त आहे. खाच खाली अरुंद आणि वर रुंद असल्यामुळे असे होणारच. त्यावर तोंडापुढे कठीण लाकडाचे ठिगळ बसवतात. पण रंधा दुहेरी पात्याचा असेल, तर ठिगळाच्या आधी पात्यावर बसवलेली दुसरी पट्टी पाहावी. जपानच्या यामागाता विद्यापीठातल्या कावाई आणि कातो यांच्या प्रयोगांत ही पट्टी धारेपासून 0.1 ते 0.2 मिमीवर आणली, तेव्हा उलट्या रेषांच्या लाकडावरही तंतू उचकटणे खूप कमी झाले. अशी पट्टी नीट बसलेली असेल, तर रुंद तोंडाचा त्रास फारसा जाणवत नाही. ठिगळाची खरी गरज एकेरी पात्याच्या रंध्याला असते.

तेलाने हालचाल थांबेल, ही आशा मात्र फोल आहे. तेलाचा थर वाफ आत जाण्याचा वेग कमी करतो, तिला अडवत नाही. शिवाय खाचेत उतरलेले तेल पाचर निसटायला मदत करते. मग लोखंडी रंधाच का घेऊ नये? घ्यावा, तो दमटपणाने फुगत नाही हे खरेच. पण कोकणच्या हवेत त्याला गंज चढतो, पडला तर बीड तडकते, आणि वाकडा तळ सपाट करायला तासन्‌तास लागतात. लाकडी तळ थोड्या घासण्यात सरळ होतो. त्याची देखभाल ऋतूंप्रमाणे लावून घ्यावी: पात्याची मोकळीक कडक उन्हाळ्यात तपासावी, तळ पावसाळा सरल्यावर, आणि रंधा ठेवून देताना पाचर दर वेळी सैल करावी.