संघ ‘यशस्वी’ आहे हे ठरवायचं कसं? कार्यात्मक व्याख्येचा थोडा सराव

‘अमुक तालुक्यातील शालेय कबड्डी संघांच्या यशाचा अभ्यास’ असं शीर्षक घेऊन तुम्ही संशोधन समितीपुढे गेलात, तर पहिला प्रश्न ठरलेला आहे: यश म्हणजे काय? नुसतं ‘जिंकणं’ म्हणालात तर पुढचे चार प्रश्न तयारच असतात. त्यांची उत्तरं कार्यात्मक व्याख्येत द्यायची असतात. कार्यात्मक व्याख्या म्हणजे, एखादी संकल्पना तुम्ही प्रत्यक्षात कशावरून आणि कशी मोजणार, याचं नेमकं वर्णन.

उदाहरण पुसेगावचं घेऊ. साताऱ्यातलं सेवागिरी महाराजांचं नव्हे, हिंगोली जिल्ह्यातलं, सेनगाव तालुक्यातलं. समजा, इथला १७ वर्षांखालील मुलींचा कबड्डी संघ तुम्ही अभ्यासाला घेतलाय.

व्याख्या पहिली: जिंकणं

ही मोजायला सोपी. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्या आहेत. संघ कुठवर गेला ते निकालपत्रकावरून कळतं. तिला कमी लेखू नका. आपल्या राज्यात खेळाडूंना दहावी-बारावीला सवलतीचे गुण मिळतात, सरकारी नोकरीत ५ टक्के आरक्षण आहे, आणि दोन्हीकडे कोणत्या स्तरावरचं प्रमाणपत्र आहे ते बघतात. शेतकरी कुटुंबासाठी ते प्रमाणपत्र नुसतं भिंतीवर लावायला नसतं.

पण हिशोब करून बघा. बाद पद्धतीच्या स्पर्धेत १६ संघ असले तर ८ संघ पहिल्याच सामन्यानंतर घरी जातात आणि शेवटी १५ संघ हरलेले असतात. मग ते १५ अयशस्वी? शिवाय भाग्यपत्रिकेत पहिल्याच फेरीला गतविजेता समोर आला, तर तुमचा आकडा संघाबरोबर नशीबही मोजतो. इथे सप्रमाणतेचा प्रश्न येतो: जे मोजायचं म्हणताय तेच मोजलं जातंय का? आणि १२ जणींच्या संघात मैदानावर ७ असतात. उरलेल्या पाचजणींबद्दल निकालपत्रक काहीच सांगत नाही.

व्याख्या दुसरी: टिकून राहणं

अमेरिकेत बार्नेट, स्मॉल आणि स्मिथ यांचा १९९२ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. लिटल लीग बेसबॉलच्या काही प्रशिक्षकांना हंगामाआधी प्रशिक्षण दिलं: मेहनतीचं कौतुक करा, चूक झाली की धीर द्या आणि नीट शिकवा, शिक्षा टाळा. पुढच्या वर्षी या प्रशिक्षकांकडची ५ टक्के मुलं खेळायला परतली नाहीत. प्रशिक्षण न घेतलेल्यांकडची २६ टक्के. जय-पराजयात मात्र दोन्ही गटांत फरक नव्हता.

बघा, यश म्हणजे जिंकणं धरलं असतं तर निष्कर्ष निघाला असता ‘प्रशिक्षणाचा परिणाम नाही’. संघ तेच, मुलं तीच. व्याख्या बदलली की निष्कर्ष बदलतो.

आता हे पुसेगावला लावू. ‘मुली टिकल्या’ असं लिहून भागणार नाही. असं लिहा: ‘गेल्या हंगामाच्या सुरुवातीला सरावाच्या नोंदवहीत नाव असलेल्या मुलींपैकी, यंदाच्या हंगामाच्या पहिल्या महिन्यात किमान ८ दिवस सरावाला आलेल्या मुलींची टक्केवारी.’ कोण, कधी, किती आणि कशावरून, चारही गोष्टी आल्या.

यात दोन खड्डे आहेत. पहिला: न येणारी प्रत्येक मुलगी खेळाला कंटाळली असं नसतं. दहावी झाली की शाळा सुटते, सोयाबीनच्या काढणीत सराव बुडतो, कुणाचं लग्न ठरतं. ही सगळी गळती क्रीडाशिक्षकांच्या माथी मारू नका. कारणाचा वेगळा रकाना ठेवा. दुसरा: मैदानावर दिसणाऱ्या मुलींच्याच मुलाखती घेतल्या तर सगळं छानच वाटणार, कारण ज्यांना जमलं नाही त्या तिथे नसतातच. म्हणून जुनी यादी घ्या आणि सोडून गेलेल्यांपर्यंत पोहोचा. आईवडिलांच्या संमतीने.

दोन्ही एकत्र करायच्या का?

क्रीडा-मानसशास्त्रज्ञ जाँ कोते युवा खेळाची फलितं तीन भागांत बघतात: कामगिरी, सहभाग आणि व्यक्तिगत विकास. तिन्ही घ्या, पण बेरीज करून एकच आकडा काढू नका. विभागापर्यंत गेलेल्या संघातल्या निम्म्या मुली पुढच्या वर्षी नसतील, तर ती बेरीज नेमकं हेच झाकून टाकते.

आता तुमच्या शीर्षकातला मुख्य शब्द घ्या: ‘परिणामकारकता’, ‘जागरूकता’, ‘विकास’, जो असेल तो. त्याची व्याख्या एका वाक्यात लिहा. मग तीच नोंदवही आणि तेच वाक्य दोन मित्रांना वेगवेगळं द्या. दोघांचा आकडा एकच आला तर विश्वसनीयतेची पहिली पायरी चढलात. नाही आला, तर आधी ते वाक्य दुरुस्त करा, प्रश्नावली नंतर.