विश्लेषण : चोर बाजारात जोडीने जाताय? काय बघाल, काय टाळाल?

पुणे, नाशिक, कोल्हापूरहून दोन दिवसांसाठी मुंबईत येणारी जोडपी गेटवे, मरिन ड्राइव्ह उरकून हल्ली चोर बाजाराकडेही वळतात. मोबाइलवर पाहिलेले पितळी कर्णे आणि जुनी घड्याळे डोक्यात असतात. प्रत्यक्षात एक जण दुकानात रमतो, दुसरा बाहेर घाम पुसत उभा राहतो आणि संध्याकाळी घरी येतो तो न वाजणारा ग्रामोफोन. हा बाजार खरे तर एकट्यापेक्षा दोघांनी पाहण्यासारखा आहे, मात्र कोणी काय करायचे हे आधी ठरलेले हवे.

बाजार कुठे, कधी?

चोर बाजार म्हणजे मुख्यतः मटन स्ट्रीट. सरदार वल्लभभाई पटेल मार्ग आणि मौलाना शौकत अली मार्ग यांना जोडणारी ही गल्ली भेंडी बाजाराला लागून आहे. ग्रँट रोड स्थानकात पूर्वेला उतरले की पंधरा-वीस मिनिटे चालावे लागते. दुकाने सकाळी अकराच्या सुमारास उघडतात. शुक्रवारी ती बंद असतात; त्या दिवशी पहाटेपासून रस्त्यावरच सुटा माल मांडणाऱ्यांचा वेगळा बाजार भरतो. चपला, चार्जर, हत्यारे, कॅमेरे, काहीही. पहिल्यांदाच जाणाऱ्यांनी शुक्रवार सोडून यावे. त्या गर्दीत शेजारी चालणेही अवघड होते, मग बोलणे दूरच.

नावामागे काय?

गोंगाटामुळे आधी ‘शोर बाजार’ होता, इंग्रजांच्या तोंडी त्याचा ‘चोर’ झाला, अशी कथा सांगतात. व्हिक्टोरिया राणीचे चोरीला गेलेले सामान येथे सापडल्याची दुसरी कथाही आहे. दोन्ही दंतकथाच, दुकानदार मात्र रंगवून सांगतात. आज दुकानांत दिसणारा बराचसा माल जुनी घरे रिकामी करताना निघालेला, दारूखान्यासारख्या ठिकाणी तोडलेल्या जहाजांतून आलेला किंवा चक्क नवा, जुना दिसावा म्हणून घडवलेला असतो. आजोबांनी भंगारवाल्याला किलोवर घातलेले तांब्याचे घंगाळ नातू येथे कैक पटींनी विकत घेतो, हीही त्यातलीच गंमत.

जुने आणि ‘जुने’ कसे ओळखावे?

येथेच खरी फसगत होते. नक्कल विकणे गुन्हा नाही. अनेक दुकानदार विचारल्यावर सरळ सांगतातही. पण विचारावे लागते.

सर्वाधिक मोह ग्रामोफोनचा. चकचकीत नवा पितळी कर्णा, नवी लाकडी पेटी, त्यावर कुत्र्याचे चित्र आणि आत कुठून तरी काढलेले जुने यंत्र, अशी जुळवाजुळव सर्रास दिसते. शोभेसाठी हवा असेल तर हरकत नाही, भाव मात्र त्या हिशेबाने द्यावा. वाजवण्यासाठी हवा असेल तर दुकानातच चावी भरायला सांगून तबकडीची एक बाजू पूर्ण ऐकावी. मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या दहा इंची तबकडीची एक बाजू सुमारे तीन मिनिटांची असते. तेवढ्यात आवाज लोळू लागला, तर स्प्रिंग थकलेली आहे किंवा यंत्र जाम आहे.

सिनेमाच्या पोस्टरवरून बोट फिरवावे. जुनी पोस्टर घडी घालून पाठवली जात, त्यामुळे घडीच्या रेषेवर कागद झिजलेला लागतो. घडी डोळ्यांना दिसते पण बोटाला लागत नाही, तर ती छापलेली आहे. पितळी वस्तूंसाठी फ्रिजवरचे छोटे चुंबक खिशात ठेवावे. पितळेला ते चिकटत नाही. चिकटले तर आत लोखंड आहे. होकायंत्रावर किंवा दुर्बिणीवर लंडनच्या कंपनीचे नाव आणि शंभर वर्षांपूर्वीचे साल ठसठशीत कोरलेले असेल तर हुरळून जाऊ नये. ठसा कालही मारता येतो.

भाव दोघांपैकी कोणी करावा?

ज्याला वस्तू आवडली आहे, त्याने करू नये. ‘अय्या, किती गोड!’ किंवा ‘अरे, आमच्या घरी अस्सं होतं!’ हे तोंडातून निघाले की किंमत तिथेच पक्की होते. एकाने वस्तू उलटीपालटी करून तडे, गंज, नवे खिळे पाहावेत. पैशाचे दुसऱ्याने बोलावे. आपसात मराठीत बोलून काम भागेल असे वाटत असेल, तर ते विसरा. गल्लीतल्या दुकानदारांना मराठी चांगली कळते. ‘ही रागावते, भाव कमी करा’ हे नाटकही त्यांनी रोज पाहिलेले आहे. त्यापेक्षा दोघांनी आधी ठरवलेला आकडा शांतपणे सांगावा आणि जमले नाही तर खरोखर निघावे. मागून हाक येतेही, येत नाहीही.

आवडी जुळत नसतील तर अर्धा तास वेगळे फिरायला काय हरकत आहे? गल्ली लहान आहे, एक खूण ठरवली की पुरे. एकाला घड्याळाचे सुटे भाग हवे असतात, दुसऱ्याला चिनी मातीच्या बरण्या. परत भेटल्यावर एकमेकांना आपापले दुकान दाखवण्यात जास्त मजा येते. मोठ्या वस्तूला मात्र दोघांचाही होकार हवा. कपाट ठेवायच्या भिंतीचे माप मोबाइलमध्ये असावे आणि काचेचे झुंबर रात्रीच्या बसमधून कोणाच्या मांडीवर जाणार, हेही पैसे देण्याआधीच बोलून घ्यावे.

कायदा काय सांगतो?

चोरीचा माल आहे हे माहीत असताना, किंवा तसे मानायला कारण असताना, तो अप्रामाणिकपणे घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ नुसार गुन्हा आहे. त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. त्यामुळे दुकानाचे नाव असलेले, हाताने लिहिलेले का होईना, बिल मागावे. वापरलेला फोन घेण्याचा विचार असेल तर स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश दाबून आयएमईआय क्रमांक पाहावा आणि ‘संचार साथी’ या सरकारी सेवेवर तपासावा. बिल नसेल तर फोन नकोच.

शंभर वर्षांहून जुन्या मूर्ती, चित्रे वगैरे १९७२च्या पुरावशेष कायद्याखाली येतात. हस्तलिखितांसाठी ही मर्यादा ७५ वर्षांची आहे. काही प्रकारच्या पुरावशेषांची नोंदणी सक्तीची आहे आणि खासगी व्यक्तीला ते देशाबाहेर नेता येत नाहीत. परदेशातून सुट्टीवर आलेल्या मराठी जोडप्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे. हस्तिदंताच्या वस्तूला हातही लावू नये. वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याच्या व्यापारावर बंदी आहे, मग दुकानदार ती कितीही जुनी म्हणो.

लवकर का जावे?

शेजारच्या भेंडी बाजारात सुमारे साडेसोळा एकरांवर पुनर्विकास सुरू आहे. सैफी बुऱ्हाणी अपलिफ्टमेंट ट्रस्टच्या या प्रकल्पात सुमारे अडीचशे जुन्या इमारतींच्या जागी मनोरे उभे राहत आहेत. मुंबईत जुनी घरे पडतात तेव्हा दारे, कड्या, रंगीत काचा अशा बाजारांत येतात, म्हणून तूर्त माल भरपूर दिसतो. पण नव्या सदनिकांतून पुढे सागवानी कपाटे आणि लोलकाची घड्याळे निघणार नाहीत. जाणार असाल तर शनिवारी सकाळी अकरालाच पोहोचा. दुपारी गल्ली तापते आणि दोघांपैकी एकाचा तरी पारा चढतो. तोवर मिनारा मशिदीकडे चालत जाऊन फिरनी खायची आणि मग ठरवायचे, त्या घड्याळासाठी परत जायचे की नाही.