आधी माल, मग माणसं

रायगड जिल्ह्यात रेल्वे माथेरानचा डोंगर चढली ती १९०७ साली. आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याने नेरळहून माथेरानपर्यंत दोन फुटी रूळ टाकले आणि मुंबईच्या हौशी मंडळींची सोय झाली. खाडीकाठच्या गावांना मात्र गाडीसाठी आणखी अर्धशतकाहून जास्त थांबावं लागलं. तोवर रेवसची नाहीतर मोऱ्याची लाँच गाठायची आणि भाऊच्या धक्क्याला उतरायचं.

१९६४ मध्ये दिव्याहून पनवेलपर्यंत रूळ आले, १९६६ मध्ये आपट्यापर्यंत, आणि घोडं तिथेच अडलं. पुढचं रोहा जेमतेम साठ किलोमीटरवर, पण तिथे पोचायला वीस वर्षं गेली! मधु दंडवते १९७७ ते १९७९ रेल्वेमंत्री होते, तेव्हा कोकणच्या रेल्वेला जोर चढला. तरी रोह्याला गाडी लागली ती १९८६ साली. जिते, हमरापूर, पेण, कासू, नागोठणे ही नावं वेळापत्रकात आली. हमरापूरला घरोघरी गणपतीचे कारखाने. पेणच्या मूर्तींचा लौकिक जगभर, पण मूर्ती निघतात टेंपोनेच. पॅसेंजरच्या रेटारेटीत बाप्पाला बसवणार कुठे?

१९९० साली ई. श्रीधरन यांच्या नेतृत्वाखाली कोकण रेल्वे महामंडळ उभं राहिलं. १९९३ मध्ये रोहा ते वीर गाडी धावली आणि शेवटचं स्टेशन असलेलं रोहा नव्या मार्गाचं तोंड झालं. २६ जानेवारी १९९८ पासून गाड्या थेट मंगळूरकडे जाऊ लागल्या. त्यातल्या कितीतरी पेण-रोह्याला न थांबता जातात, ही इथली जुनी तक्रार, आणि ती रास्तच आहे.

किनाऱ्यावर माल नेहमीच पुढे राहिला. न्हावा-शेवा बंदर १९८९ मध्ये सुरू झालं, कंटेनरच्या गाड्या धावू लागल्या. उपनगरी लोकल मात्र २०१८ मध्ये खारकोपरपर्यंत आली आणि उरणला पोचायला जानेवारी २०२४ उजाडलं.

अलिबागची तऱ्हा याहून न्यारी. पेणहून थळच्या खत कारखान्यापर्यंत रूळ आहेत, त्यावरून युरियाच्या वाघिणी जातात. जिल्ह्याच्या मुख्यालयाला प्रवासी स्टेशन नाही. मागणी दर निवडणुकीत निघते, आणि अलिबागकर वडखळमार्गे एसटीने पेण-पनवेल गाठतात.