रॅव्हिन म्हणजे घळ

विशीत असताना नागपुरात बर्डीवर जुन्या पुस्तकांत मला किपलिंगचे ‘द जंगल बुक’ (१८९४) मिळाले. इंग्रजी शाळेपुरतेच होते. ओळीओळीला शब्दकोश उघडत आठव्या पानावर थकलो. आपली बुद्धीच कमी, असे मनाने घेतले.

पुढे काही वर्षे सोपी पुस्तके वाचून ते पुन्हा उघडले. या वेळी कोशाविना. मोगली शेरखानला कोंडतो त्या प्रसंगात ‘रॅव्हिन’ हा शब्द वारंवार येतो. दोन्ही काठ उभे, वाघाला चढता येत नाही. एका तोंडाने रेडे शिरतात, दुसऱ्या तोंडाशी म्हशी. वैनगंगेच्या मुलखातल्या माणसाला अर्थ कळायला कितीसा वेळ? घळ!

या अनुभवाचा उलगडा संशोधनात सापडला. १९७८ साली सरागी, नेशन व माइस्टर यांनी इंग्रजी मातृभाषा असलेल्यांना ‘अ क्लॉकवर्क ऑरेंज’ (१९६२) वाचायला दिली. बर्जेसने तीत रशियनवरून घडवलेले शब्द पेरले आहेत. नंतरच्या चाचणीत वाचकांनी ९० शब्दांपैकी सरासरी ७६ टक्के ओळखले. मात्र भोवतालचे इंग्रजी त्यांचे स्वतःचे होते. परभाषकाला कथा नीट कळण्यासाठी सुमारे ९८ टक्के शब्द ठाऊक असावे लागतात, असे हू व नेशन यांनी २००० मध्ये दाखवले. म्हणजे पन्नासांत एकच अनोळखी.

म्हणून कादंबरी घेताना तीनशे शब्दांचे एक पान तपासावे. अनोळखी शब्द सहाहून फार अधिक निघाले, तर पुस्तक तूर्त बाजूला ठेवावे. दोष बुद्धीचा नसतो. पुस्तक लवकर हाती आलेले असते, इतकेच.